शेवटच्या कडव्यातलं नाव

माझं न्हाणीघर आणि डोमाजी भगताचं न्हाणीघर यांच्यात एकच भिंत आहे, आणि तीही अर्धी. वरची अर्धी कोणी बांधायची यावर दोन्ही घरांचं एकमत कधी झालं नाही. त्यामुळे डोमाजीचं प्रत्येक गाणं जगात सगळ्यांच्या आधी मी ऐकलेलं आहे, आणि तेही बहुतेक वेळा डोळ्यांत साबण गेलेला असताना.

डोमाजीला गाणं सुचतं ते अंगावर पाणी पडल्यावरच. पहिला तांब्या ओतला की मुखडा, दुसरा ओतला की अंतरा, आणि मग बादली पालथी घालून ठेका. उन्हाळ्यात नळ आठवड्याने येतो तेव्हा घाटंजीत एकही नवं गाणं होत नाही, आणि त्याची बायको शीला म्हणते की देवालाच काळजी.

"डोमाभाऊ," मी भिंतीवरून ओरडायची, "दुसऱ्या कडव्यात तुम्ही मागच्या वर्षीचंच पाणी टाकून राह्यले!"

"वहिनी, तुम्ही आंघोळ करा. टीका बाहेर आल्यावर करा."

"बाहेर आल्यावर तुम्ही सापडता कुठं? भोंगा घेऊन पळून जाता."

भोंगा हा त्याचा धंदा. जुनी ऑटो, तिच्या टपावर दोन भोंगे, आत बॅटरी, मशीन आणि डोमाजी. माणूस अंगाने असा की ऑटोत बसला तर लोकांना वाटायचं आत फक्त शर्ट टांगला आहे. पण आवाज सुरू झाला की आठवडी बाजारातल्या शेळ्यासुद्धा मान वर करत. आज नळ येणार नाही, डोळ्यांचा डॉक्टर आला आहे, तंबूत सिनेमा लागला आहे, अमक्याची काळी म्हैस हरवली आहे, डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं आहे. गावाला जे काही कळायचं ते डोमाजीच्या तोंडून. आणि प्रत्येक दवंडीच्या शेवटी, न चुकता, "सांगणारा डोमाजी भगत, घाटंजी!"

मयतीची दवंडी असली तरी हेच. एकदा शीला चिडली.

"मेलेल्या माणसाच्या बातमीत तुमचं नाव कायले पायजे?"

"अवो, उद्या तो मेलाच नाही असं निघालं, तं लोकं कोणाले धरतीन? बोलणाऱ्याचं नाव नको?"

हे त्याला त्याच्या वस्तादानं शिकवलं होतं. चौदा एप्रिलच्या गाण्यांत आमच्या वस्तीतले पोरं-म्हातारे सगळे चाल सिनेमाची घेतात, त्यात कोणाला लाज नाही. चाल काय, रस्त्यासारखी असते, कोणीही चालावं. पण शब्द आपले पाहिजेत, आणि शेवटच्या कडव्यात आपलं नाव पाहिजे. नाव टाकलं म्हणजे गाणं तुझं, आणि त्यातलं खरंखोटंही तुझं. नाव नसेल तर ते गाणं मोकाट, ज्याने दावं टाकलं त्याचं.

आता या चांगल्या सवयीनेच बिचाऱ्याचा घात कसा झाला ते ऐका.

ते कापसाचे वाईट दिवस होते. २००५च्या पावसाळ्याआधी गावात एक जीप आली. चांदीफूल नावाचं नवीन बियाणं. जीपमधल्या गॉगलवाल्या साहेबाला एक गाणं पाहिजे होतं. डोमाजीनं घरी येऊन दोन बादल्या पाणी जास्त ओतलं आणि गाणं तयार:

चांदीफूल पेरा हो दादा, बोंड येईल मुठीएवढं,
डोमाजी भगत देतो शब्द, सांगू अजून केवढं!

साहेब खूश. त्याला मराठी अर्धीच कळत होती. डोमाजी भगत हे एखाद्या खताचं नाव असावं असं त्याला वाटलं असेल. जाहिरातीच्या गाण्यात स्वतःचं नाव टाकणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात आमच्या भिंतीपलीकडेच निघावा! मी त्याच दिवशी म्हटलं होतं.

"डोमाभाऊ, बियाणं कंपनीचं, शब्द तुमचा कायले?"

"वहिनी, गाण्याले शेवट पायजे ना!"

गाणं असं चाललं की लग्नाच्या वरातीत वाजलं. पोरं शाळेच्या प्रार्थनेत तेच म्हणू लागली. घाटंजी, कळंब, बाभुळगाव, जिथे जीप गेली तिथे डोमाजी गेला. आणि दिवाळीच्या सुमारास पानं लाल पडली, बोंडं लागली ती बोराएवढी, आणि त्यातली निम्मी किडकी.

जीप कुठे गेली कोणालाच माहीत नाही. साहेबाचं नाव कोणी विचारलं नव्हतं. कंपनीचा पत्ता पिशवीवर होता, पण त्या पिशव्यांचे आसनपट्टे शिवून झाले होते. लोकांना पाठ होतं ते एकच नाव, आणि ते चालीसकट पाठ होतं.

पहिला आला तांड्यावरचा नेमसिंग. हा माणूस रागावला तरी हसवतो, म्हणून जास्त लागतो. ओट्यावर बसला, चहा मागितला, पूर्ण पिला, आणि मग खिशातून एक बोंड काढून डोमाजीच्या हातावर ठेवलं.

"डोमाजी, मूठ दाखव."

डोमाजीनं मूठ वळली.

"हे तुही मूठ. मंग हे बोंड कोणाच्या मुठीएवढं आहे? उंदराच्या?"

मग रोज कोणी ना कोणी. आमच्या गल्लीत लोक बोंडं घेऊन असे येत जसे पोराच्या बारशाला येतात. शीलाने त्यांची टोपली भरली. मारायला कोणी आलं नाही, हे खरं. मारलं असतं तर परवडलं असतं. त्यांनी नाव ठेवलं. "मुठीएवढा." बाजारात ऑटो शिरली की भाजीवाल्यांपासून बांगड्यावाल्यांपर्यंत एकच, "आला पाहा मुठीएवढा!" पोरं मागे धावत तेच गाणं म्हणायची, आणि शेवटच्या ओळीत त्याचं नाव आलं की खिदळायची.

तेव्हापासून डोमाजीनं नाव घेणं सोडलं. दवंडी व्हायची, पण शेवट गळून गेला. म्हैस हरवली आहे, बस. पुढे शांतता. गाणीही होत होती, बादली वाजत होती, पण शेवटचं कडवं आलं की भिंतीपलीकडे नुसतं पाणी पडायचं. मी कान लावून उभी. नाव येत नाही.

"डोमाभाऊ, तुम्ही नाही टाकलं तं मी माह्यं टाकते हं! 'जया म्हणे' लय गोड बसते!"

"टाका वहिनी," तो म्हणाला. एवढंच. टोमणा नाही, काही नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस आतून वाळून राह्यला.

त्या हिवाळ्यात त्यानं जे गाणं केलं ते मात्र माझ्या साबणासकट डोक्यात शिरलं:

माह्या भोंग्यानं सापडे म्हैस, सापडे तिचं पारडू,
ज्याचं त्याले भेटून गेलं, मी कोणासाठी ओरडू?

तीन कडवी होती. एकात हरवलेली छत्री, एकात जत्रेत हरवलेली सासू, जिला शोधायची सुनेला घाई नाही. तिसरं नुसतंच गुणगुणायचं. आमच्या गल्लीतल्या एका बारशात त्यानं लोकांच्या आग्रहाने ते म्हटलं, आणि नाव न घेताच संपवलं. तिथे पांढरकवड्याचा इंद्रजित आला होता. ऑर्केस्ट्रात गातो, संध्याकाळीही काळा चष्मा लावतो, आणि केसांना इतकं तेल की माश्या बसल्या तर घसरतात. तो पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होता. शीला मला म्हणाली, "किती आवडलं पाहा त्याले." मीही भोळी, मीही मान हलवली.

पुढच्या वर्षी वाचनालयाच्या कमलाकरसाहेबांनी कार्यक्रम काढला. कमलाकरसाहेब म्हणजे तहसीलीतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना लोक त्यांच्याकडे कामाला जात, आता ते लोकांकडे कार्यक्रमाला बोलवायला जातात. पुण्याच्या भाच्यानं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, तिकडे असा माईक ठेवतात म्हणे, कोणीही उठावं, स्वतः रचलेलं गाणं म्हणावं. नाव ठेवलं "मोकळा माईक". फक्त एक अडचण: गाणं स्वतःचंच आहे हे कशावरून? सभेत बराच काथ्याकूट झाला, आणि कोणीतरी सांगितलं की इकडची गाणारी माणसं शेवटच्या कडव्यात नाव टाकतात. साहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी लगेच नियम करून टाकला.

आणि नियमाची दवंडी द्यायला कोण? दुसरं आहेच कोण!

"ऐका हो ऐका! शनिवारी संध्याकाळी, जुन्या जिनिंगच्या आवारात! ज्याचं गाणं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात! नाव नाही त्याचा माईक बंद करण्यात येईल हो!"

मी ऑटोपुढे आडवी उभी राहिले.

"माईक बंद कोण करणार?"

"मीच. माईक माहा, मशीन माही."

"मंग तुमचं गाणं?"

"मी कुठं गाऊन राह्यलो वहिनी? मी मशीनवर बसणार आहो." आणि भोंगा सुरू करून निघून गेला. स्वतःला बाहेर ठेवणारा नियम स्वतःच गावभर ओरडून.

जिनिंगचं आवार त्या मोसमात मोकळंच होतं. कापसापेक्षा कुत्री जास्त. ताडपत्र्या अंथरल्या, कापसाच्या गाड्या मोजायच्या ओट्याला व्यासपीठ केलं. अर्धी घाटंजी आली, कारण लोडशेडिंगमध्ये घरी बसून तरी काय करणार.

सुरुवात कमलाकरसाहेबांच्या स्वतःच्या गाण्यानं. यवतमाळच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांवर होतं, पण राग इतका गंभीर की खड्ड्यात कोणी दगावलं असावं असं वाटलं. नियमात शेवटच्या कडव्यात नाव होतं, त्यांनी चारही कडव्यांत टाकलं. मग त्यांच्या सौभाग्यवती रत्नप्रभाबाईंनी लोडशेडिंगवरचं गाणं म्हटलं, आणि ध्रुपदालाच लाईट गेली. पण डोमाजीची बॅटरी चालू होती. बाई अंधारात गात राहिल्या, आणि असा टाळ्यांचा गजर झाला की साहेब नाराज झाले, पण अंधारामुळे ते कोणाला दिसलं नाही. तांड्यावरच्या बसंतीबाईनं, म्हणजे नेमसिंगच्या बायकोनं, नवऱ्यावरच गाणं रचलं होतं. बाजारला जाताना तो कसा तीनदा भांग पाडतो आणि टक्कल कसं तिथंच राहतं.

मग लाईट आली आणि इंद्रजित आला. चमचमता शर्ट, काळा चष्मा. माईकला बोटाने ठोकून म्हणाला, "ही माझी अगदी आतून आलेली रचना."

माझ्या वीणेनं सापडे म्हैस, सापडे तिचं पारडू,
ज्याचं त्याला भेटून गेलं, मी कोणासाठी ओरडू?

शीलाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो काळानिळा डाग पुढच्या आठवड्यापर्यंत राहिला. मी डोमाजीकडे पाहिलं. तो मशीनवर वाकलेला. मला वाटलं आता बटण दाबतो. तर याने काय करावं? इंद्रजितचा आवाज वरच्या पट्टीला फाटत होता, तो याने हळूच बटण फिरवून गोल केला. आपलं पोर दुसऱ्याच्या कडेवर दिसावं आणि तरी त्याचं नाक पुसावं, तसं.

इंद्रजितने छत्री आणली, सासू आणली, आणि शेवटी रेटून "इंद्रजित म्हणे" घुसवलं. लोक टाळ्यांसाठी हात उचलणार, तेवढ्यात मधून नेमसिंग उठला.

"एक मिनिट, भाऊ. वीणा वाजवून म्हैस कशी सापडते?"

हसू फुटलं. इंद्रजित म्हणाला, "हा कलेचा विषय आहे काका."

"कलेचा असो का केळाचा, मले प्रयोग सांग. माही भुरी कालपासून घरी नाही. वीणा कोठ्यात वाजवू का रानात?"

"शांतता!" कमलाकरसाहेब उठले. "गीतात शेवटी नाव आलेलं आहे. नियम पाळलेला आहे."

"साहेब, म्हैस भोंग्यानं सापडते. अन् भोंगा गावात एकाकडेच आहे. हे गाणं मुठीएवढ्याचं आहे!"

सगळ्या माना मशीनकडे वळल्या. इंद्रजित मात्र डगमगला नाही. चष्मा वर करून म्हणाला, "त्याचं असन तं त्यात नाव कुठं होतं? भर बारशात म्हणलं, नाव घेतलं नाही. बेवारस होतं, म्हणून मी घरात घेतलं."

आणि इथेच पंचाईत झाली. कारण आमच्या रीतीप्रमाणे तो तेल लावलेला पोरगा काही खोटं बोलत नव्हता.

कमलाकरसाहेबांनी विचारलं, "डोमाजी, तुमचं आहे का हे? असेल तर म्हणा. पण शेवटी नाव लागेल."

डोमाजी उभा राहिला आणि तसाच उभा. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी त्याच्या हातावर बोंड ठेवलेलं होतं. गाणं परत घ्यायचं तर त्यांच्यासमोर, त्याच माईकवर, तेच नाव घ्यायचं, ज्याच्यावर ते वर्षभर हसत होते. त्याने शीलाकडे पाहिलं.

शीला काही माझ्यासारखी मिठ्ठास बोलणारी नाही. ती ताडपत्रीवरूनच कडाडली.

"मले काय पाहता? मी भर मांडवात तुमचं नाव घेतलं का नाही? उखाण्यात घेतलं, शेवटच्या ओळीत घेतलं. हा काडीसारखा नवरा पाहून माह्या मावशा हसून राहिलत्या, तरी घेतलं. तुमचंच नाव घ्याले तुमाले लाज वाटते काय?"

असा हशा झाला की कुत्रीसुद्धा उठून बसली. डोमाजीही हसला. माईकजवळ गेला. इंद्रजितला हातानं बाजूला सरकवलं, रागाने नाही, रस्त्यातली खुर्ची सरकवतो तसं.

मुखड्यापासून सुरू केलं. भोंग्यानं सापडे म्हैस. सासूच्या कडव्याला बायकांनी पदर तोंडाला लावले. आणि मग ते तिसरं कडवं, जे मी भिंतीपलीकडून कधीच नीट ऐकलं नव्हतं, कारण ते तोवर झालंच नव्हतं. ते तिथेच झालं, एक थेंब पाणी नसताना. तो थांबला, डोळे मिटले, लोक वाट पाहत राहिले.

मुठीएवढं म्हणलं होतं, निघालं बोराएवढं,
डोमाजीचं नाव पळालं, लाजलं बिचारं केवढं!
दाव्यानं बांधून आणलं आज, आता कसं सोडू?
ज्याचं त्याले भेटून गेलं, मी कशासाठी ओरडू?

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. लोक नेमसिंगकडे पाहत होते, कारण पहिलं बोंड त्याचं होतं. नेमसिंग उठला, टकलावरून हात फिरवला.

"बोराएवढं म्हणला ना," तो म्हणाला, "आता खरं माप सांगितलं!"

मग जे काही झालं त्याला टाळ्या म्हणायच्या की दंगल, मला सांगता येत नाही. ध्रुपद अख्ख्या आवाराने म्हटलं. कमलाकरसाहेब नियमाच्या आनंदात इतके बुडाले की माईकशिवायच भाषण करत राहिले. इंद्रजितही म्हणत होता, बेशरम, आणि सगळ्यांत सुरात. त्याला कोणी काही बोललं नाही. मीच थोडं बोलले, पण ते छापण्यासारखं नाही.

निघताना नेमसिंगनं डोमाजीचा दंड धरला. "उद्या माह्या भुरीची दवंडी फिरव. तांड्यापर्यंत ये. अन् पूर्ण सांगजो, अर्धी नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम ऑटोत बसून गेले, तांड्यावर बसंतीबाईकडे काम होतं असं सांगून. काम काय, मला पाहायचं होतं. भोंगा सुरू. "नेमसिंगभाऊंची भुरी म्हैस, कपाळावर पांढरा टिक्का..." बाजार गेला, नाका गेला, तांडा आला. नेमसिंगच्या दारापुढे ऑटो वळली आणि डोमाजीनं करकचून ब्रेक मारला. दारातच भुरी बांधलेली. कपाळावर टिक्का. रवंथ करत ती आपल्याच हरवल्याची बातमी ऐकत होती.

"अबे नेमसिंग! ही तं इथंच आहे! कधी आली?"

"रातीच आली, कोंबडं आरवायच्या आधी." नेमसिंग दातणाची काडी चावत ओट्यावर बसला होता.

"मंग मी कायले घसा फोडून राह्यलो? बंद करतो."

"बंद कायले करतो? दवंडी पूर्ण कर ना बे. शेवटचं राहिलं की."

डोमाजी त्याच्याकडे पाहत राहिला. मग म्हशीकडे. मग माझ्याकडे, जसं काही मीच हे सगळं घडवून आणलं होतं. मी आपलं पदराने तोंड पुसलं. त्याने माईक तोंडाजवळ नेला आणि आवाज असा लावला की भुरीने दावं ताणलं.

"...सांगणारा डोमाजी भगत, घाटंजी!"